डेंग्यूनंतरचा विसावा दिवस आणि रत्नागिरीची गाडी

निघण्याआधी

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मांडवी एक्सप्रेसच्या टू-टायर डब्यात समोरासमोरचे चार बर्थ मिळून एक कप्पा होतो. माणसं चार असली की तो अख्खा आपला. या सहलीतला हा सगळ्यात आधी घेतलेला निर्णय, आणि सगळ्यात जास्त कामाला आलेला. रेल्वेच्या नियमाने बर्थवर आडवं व्हायची हक्काची वेळ रात्री १० ते सकाळी ६. दिवसाच्या गाडीत खालचा बर्थ हातात असला तरी तो बसायला सगळ्यांचा. थ्री-टायरमध्ये मधला आणि वरचा, दोघेही तिथेच येऊन टेकतात. आजारातून उठलेल्या माणसाला सहा तास ताठ बसवलं, तर पोचल्यावर दोन दिवस अंथरुणात जातात.

आजारातून उठलेले होते काका, वय ५२. ताप आला तो पहिला दिवस धरला तर निघण्याचा दिवस विसावा. ताप सहाव्या दिवशी गेला, प्लेटलेट सातव्या दिवशी ४२ हजारांपर्यंत उतरल्या आणि चौदाव्या दिवशी २ लाख १० हजार. बहुतेक घरांत इथेच फसगत होते. दीड लाखाच्या वर आकडा गेला की माणूस बरा, असं धरतात. आकडा आठवड्यात चढतो, अंगातली ताकद मात्र यायला कधी तीन आठवडे लागतात, कधी दोन महिने. डॉक्टरांनी परवानगी दिली, तीही दोन अटींवर: रोज एकच काम, आणि ताप परत आला तर तिथल्या तिथे तपासणी.

घरी करून बघण्याची एक चाचणी आहे. निघायच्या तीन दिवस आधी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालायचं. चालताना काय वाटतं याला फारशी किंमत नाही. चालताना सगळ्यांनाच बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाय जड आहेत का, नाडी नेहमीपेक्षा जास्त आहे का, ते बघायचं. थकवा उधारीवर चालतो, वसुली दुसऱ्या दिवशी. काकांची पडल्या पडल्या मोजलेली नेहमीची नाडी ६८. डेंग्यू उतरताना काही दिवस नाडी मंदावते, त्यांची ५२ पर्यंत उतरली होती. ती नेहमीच्या आकड्यावर आल्यावरच तिकिटं काढली.

पिशवीत थर्मामीटर, पॅरासिटामॉल ६५०, ओआरएसची सहा पाकिटं, डासांचं मलम, एका माणसाची घडीची मच्छरदाणी, लांब बाह्यांचे दोन सदरे, आणि फोनमध्ये शेवटच्या दोन रक्त-तपासण्यांचे फोटो. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्यांत किमान सहा तास. दुसरी कुठलीही अंगदुखीची गोळी घ्यायची नाही. दुकानात ‘अंगदुखीवर काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक मिसळलेली गोळी हातात पडते. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचावीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही औषधं प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि पोटाच्या अस्तरालाही त्रास देतात, म्हणून ती घ्यायची नाहीत. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी ती पुन्हा कधी सुरू करायची हे डॉक्टरांनाच विचारावं.

पहिला दिवस : ठाणे ते रत्नागिरी

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं, गाड्या मूळ वेगाने धावतात. पावसाळ्यात हाच प्रवास बराच लांबतो. गाडी मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास सुटते. ठाण्याला चढलं तर उपनगरातल्या माणसाचा तासभर वाचतो आणि पहाटे चारला उठावं लागत नाही. बऱ्या होणाऱ्या माणसाची पुरी झालेली झोप ही औषधाच्या बरोबरीची.

मांडवीच्या खाण्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पनवेल सोडलं की सुरू होतं: कटलेट, सामोसा, गरम टोमॅटो सूप, ऑम्लेट, वडा, मग पुन्हा कटलेट. वाढपी एकामागोमाग एक येतात आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. आजारानंतर भूक जिभेला आधी येते, पोटाला मागून. तळलेलं दोन घासांत बरं वाटतं आणि दोन तासांनी जळजळतं. काकांच्या डब्यात मऊ पोळ्या, दुधीची भाजी आणि दोन केळी. सूप घेतलं, तेवढंच. ते डब्यातलं खात असताना बाकीचे तिघे समोर बसून कटलेट खात होते. शिष्टाचाराला धरून नव्हतं, पण खरं तेच लिहायचं.

पाण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. गाडीतल्या संडासात जायला नको म्हणून पाणीच प्यायचं नाही, त्यात एसीत तहान कळत नाही. यावर सोपा उपाय: एक लिटरच्या बाटलीवर पेनाने पाच खुणा, दर तासाला एक खूण खाली. लघवी गडद पिवळी झाली तर दोन खुणा.

ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकून पिणारे लोक बघितले आहेत; तसं केलं तर साखर-मिठाचं प्रमाण चढतं, तहान वाढते आणि पोटही बिघडतं. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यावं. स्टेशनवर मिळणारी गोड खोकी ही बहुतेक फळांच्या चवीची सरबतं असतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असेल तरच ते औषध.

उठण्याची पद्धत ठरवून घेतली होती. आधी बर्थच्या कडेला पाय सोडून एक मिनिट बसायचं, मग दांडी धरून उभं राहायचं, मग चालायचं. एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हलत्या डब्यात त्याचा शेवट कपाळावर टेंगूळ येण्यात होतो. संडासाला जाताना एकाने बरोबर जायचं, आणि आतून कडी लावायची नाही.

रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते आणि खिडकी पाहण्यासारखी होते. भात कापून झालेलं, खळ्यांजवळ उडव्या रचलेल्या, मोकळ्या शेतात बगळे. चिपळूणनंतर काका झोपले. उक्षीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, डबा अंधारतो, फोन मुके होतात. काकांना जाग आली ती बोगद्यातून बाहेर पडताना एकदम उजेड आल्यावर. म्हणाले, “पोचलो का?” जवळजवळ पोचलोच होतो.

रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे. गणपतीपुळे तिथून तासाभराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, म्हणून पहिली रात्र रत्नागिरीतच. एका दिवसात एकच लांबचा प्रवास, हा नियम.

आणि इथेच फसलो. लॉजवाल्याने फोनवर ‘तळमजला’ सांगितला होता. तो खोटं बोलला नव्हता. रत्नागिरी हे चढउताराचं गाव. घराचा तळमजला आणि रस्ता यांचा काही संबंध असतोच असं नाही. रिक्षा थांबली तिथून खोलीच्या दारापर्यंत ३१ पायऱ्या, त्याही उंच दगडी. काका तीन टप्प्यांत चढले आणि वर पोचल्यावर अर्धा तास बोलले नाहीत. तेव्हापासून फोनवर एकच प्रश्न विचारायचा: “गाडी थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती?” त्याच्याच जोडीला कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता येतं आणि खिडक्यांना जाळ्या आहेत का, हेही.

दुसरा दिवस : आरे-वारे आणि एक चूक

सकाळची नाडी ७४. नेहमीपेक्षा सहा जास्त, म्हणजे चालेल. दहा किंवा त्याहून जास्त वाढली असेल तर दिवसाचं काम रद्द, असा ठोकताळा होता. हे वैद्यकशास्त्रातलं वचन नव्हे; पण ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला घरातली कर्ती माणसं खरं उत्तर देत नाहीत, नाडी देते.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. न्याहारीला दोन इडल्या, अर्धा कप चहा, आणि निघण्याआधी पाऊण तास थांबून मग गाडी. पुढच्या सीटवर काका, काच अर्धी खाली. ड्रायव्हर चाळिशीचा, पंचवीस-तीसच्या वर काटा जाऊ देत नव्हता. “काय घाई नाय,” एवढंच म्हणायचा, प्रत्येक वळणाला.

वारे गावची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, उजेडात येते ती एका वळणानंतर अचानक. रस्ता डोंगराच्या कडेने वर चढलेला, खाली सुरूचं बन, आणि पाण्याची एक लांब पांढरी कड. फोटोसाठी सगळे थांबतात तिथे कठड्यावर बसता येतं. काका वीस मिनिटं बसले. दिवसाचा खरा कार्यक्रम हाच, आणि त्यासाठी एक पाऊलही चालावं लागलं नाही. बऱ्या होणाऱ्या माणसाला कोकण मानवतं ते यासाठी: पाहण्यासारखं बरंच काही गाडीच्या दारात येतं.

टपरीवर शहाळं घेतलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. म्हणून ते ओआरएसच्या जागी चालत नाही, जोडीला चालतं. दिवसाला एक, फार तर दोन. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. शहाळं समोर फोडून घ्यावं आणि प्लास्टिकच्या ग्लासात ओतून घेऊ नये. तो ग्लास कुठल्या पाण्यात विसळलाय ते आपल्याला दिसत नसतं.

गणपतीपुळ्यात राहायला एका घरातली मागची खोली, आगराला (नारळ-सुपारीच्या बागेला) लागून, दोनच पायऱ्या. दुपारी एक ते तीन झोप. संध्याकाळी पाचला देऊळ.

देवळातला गणपती स्वयंभू, आणि मागची टेकडीच देवाचं रूप मानलेली, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला न घालता अख्ख्या टेकडीला घालतात. वाट फरसबंद आहे, सुमारे एक किलोमीटर, अनवाणी, मधे काही पायऱ्या. दर्शन झालं, काकांची नाडी ८८, चेहरा प्रसन्न. आणि “एवढे आलोय तर” हे शब्द कोणीतरी उच्चारले. कोणी, ते सांगून आता उपयोग नाही.

प्रदक्षिणेची अडचण अशी की ती अर्ध्यावर सोडता येत नाही. निम्म्यावर थकलं तर मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच. पंचवीस मिनिटांची वाट पन्नास मिनिटांत झाली. समुद्राचा वारा, डाव्या हाताला मावळतीचं पाणी, काका म्हणत होते की काही त्रास नाही. खरंच नव्हता, त्या वेळी. खोलीवर आल्यावर नाडी ११२, आणि ती नव्वदीत उतरायला चाळीस मिनिटं लागली.

आणखी एक निसटलं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी लवकर आणि सूर्य मावळायच्या आधीचे दोन तास. म्हणजे नेमका फिरायला जायचा वेळ. मलम खोलीत राहिलेलं. एकदा डेंग्यू झाला की त्या प्रकाराला शरीर ओळखतं. पण विषाणूचे प्रकार चार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराचा दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकतो. म्हणून ‘मला होऊन गेलाय’ म्हणणाऱ्यानेच जास्त जपायचं. डीट असलेलं मलम पोटऱ्या, घोटे, कोपरं आणि मानेला, दर तीन-चार तासांनी.

तिसरा दिवस : काहीच न करण्याचा

या दिवसाचा रकाना कागदावर पहिल्यापासून रिकामा ठेवला होता, आणि तो भरलाही रिकामाच. सकाळी नाडी ८४. पाय शिशाचे, तोंडाला चव नाही, बोलायची इच्छा नाही. ताप ९८.२.

हा थकवा आहे की आजार उलटतोय, हे कळणं सोपं आहे, पण घाबरगुंडीत सुचत नाही. ताप नाही, लघवी नेहमीसारखी होते आहे, पोटात दुखत नाही, उलट्या नाहीत, हिरड्यांतून वा नाकातून रक्त नाही, शौचाला काळं नाही, दम लागत नाही: म्हणजे थकवा. यातलं एक जरी लक्षण दिसलं, किंवा ताप १०० च्या वर गेला, तर वाट न बघता डॉक्टर. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका जिल्हाभर येते. नंबर पाठ असतो सगळ्यांना; आपण उतरलोय त्या घराचा पत्ता कोणालाच सांगता येत नाही. वाडीचं नाव आणि जवळची खूण कागदावर लिहून दाराला चिकटवली.

घरच्या वहिनींनी नाश्त्याचं ताट तसंच परत आलेलं बघितलं आणि सरळ खोलीच्या दारात आल्या.

“ताप होता ना? मग हे पोहे कशाला खाताय? आटवल करत्ये मी. दोन दिवस तेच खा, नि हॉटेलात जाऊ नका.”

आटवल म्हणजे मऊ भात, कोणी गुरगुट्या म्हणतं. तांदूळ जुनाच हवा, नवा चिकट होतो आणि पोटाला जड पडतो. आणि नोव्हेंबरात कोकणात घरोघरी नवाच असतो, म्हणून त्यांनी मागच्या वर्षीचा डबा उघडला. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत, सहा वाट्या उकळतं पाणी, मीठ, झाकण अर्धवट, मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. मधे दोनदा लाकडी पळीने ढवळायचं, दाणा मोडेल इतपत. आच मोठी केली तर वरचं पाणी आटतं आणि दाणा आत कच्चा राहतो. वाढताना चमचाभर साजूक तूप, दोन चमचे मेतकूट, कडेला लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार. मेतकुटात भाजलेल्या डाळी असतात, तेवढीच प्रथिनंही जातात. काकांनी दोन वाट्या खाल्ल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागून घेतलं.

दुपारी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. खोबरं काढल्यावर राहिलेल्या करवंट्यांचा ढीग माडाच्या बुंध्याशी होता, आधीच्या आठवड्यात पडलेल्या अवकाळी सरीचं पाणी काहींत अजून साचलेलं. एक करवंटी अलगद उचलून उजेडात धरली. पाण्याच्या पृष्ठभागापासून खाली डोकं करून तिरप्या लटकलेल्या बारीक अळ्या, दहा-बारा. सावली पडली तशा वळवळत तळाला गेल्या, अर्ध्या मिनिटाने एकेक करत पुन्हा वर. श्वास घ्यायची नळी शेपटाकडे असते, म्हणून त्या उलट्या लटकतात. चार बोटं मावतील एवढी करवंटी आणि त्यात एवढा कारभार.

वहिनी बघायला आल्या. दारची डोण (पाण्याची दगडी टाकी) त्या रोज घासत होत्या. करवंट्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सुपारीची गळलेली विरी (झावळीचा रुंद, खोलगट देठ), प्लास्टिकच्या ताडपत्रीच्या घड्या, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, ही ती विसरण्याची ठिकाणं. पाणी गटारात ओतू नये, कोरड्या मातीवर ओतावं, अळ्या तिथेच मरतात. आणि नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, ती महिनोन्‌महिने कोरडी राहून पुन्हा पाणी मिळालं की फुटतात, म्हणून काथ्याने घासायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं, त्यातला हिशेब हाच. अर्ध्या तासात ढीग पालथा झाला. विहिरीत गप्पी मासे होतेच.

काका संध्याकाळभर कोणाशी बोलले नाहीत. हेही माहीत असलेलं बरं. डेंग्यूनंतर काही आठवडे मन उतरतं, कारण नसताना रडू येतं, आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. केस बहुतेकांचे परत येतात. मनाचं दोन-तीन आठवड्यांत सुधारलं नाही तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरात जिरवण्यासारखं नाही.

चौथा दिवस : मालगुंड

नाडी ७२. रिक्षाने मालगुंड, दोनेक किलोमीटर. केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ चा. त्यांचं घर आता स्मारक आहे. कौलारू, सारवलेली जमीन, आत पाऊल टाकलं की बाहेरचा उकाडा गळून पडतो. सकाळी गर्दी नसते, बागेत सावली आहे, कवितांचे फलक वाचायला मान वर करावी लागत नाही. तब्येतीने हळू असलेल्या माणसासाठी याहून सोयीची जागा या पट्ट्यात नाही. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगमध्ये गेले, चाळिशीही नव्हती. काका त्या ओळीपाशी बराच वेळ उभे होते.

तासाभरात परत. जेवायला पुन्हा आटवल, बरोबर कुळथाचं पातळ पिठलं, मिरची न घालता. सोलकढी मात्र अर्धी वाटीच. कोकमाचा आंबटपणा रिकाम्या पोटी काहींना सोसत नाही.

संध्याकाळी पुळणीवर खुर्ची. इथल्या समुद्रात धडधाकट माणसानेही उतरू नये, तळ एकदम खोल होतो आणि ओढ आहे. फलक लावलेले आहेत आणि तरी दरवर्षी लोक बुडतात. आजारातून उठलेल्याने घोटाभर पाण्यातही जायचं नाही, कारण लाट मागे जाताना पायाखालची वाळू नेते आणि तोल सावरायला पोटऱ्यांत जोर लागतो. तोच जोर तर आलेला नसतो.

पाचवा दिवस : पावस

गणपतीपुळ्याहून रत्नागिरी, पुढे भाट्याचा पूल, नारळ संशोधन केंद्राची माडांची रांग, आणि मग पावस. मधे रत्नागिरीत सामान टाकून दीड तास आडवं होणं. खोली या वेळी तीन पायऱ्यांची.

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. ते १९७४ पर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं, इथल्या अनंत निवासातल्या एका खोलीत राहिले. ती खोली बघता येते. एका माणसाला किती कमी जागा पुरते, हे तिथे समजतं. दुपारी प्रसादाला खिचडी असते: पातळ, मऊ, तिखट नाही. पथ्याचं जेवण शोधत हॉटेलं पालथी घालणाऱ्याला हे आयतं मिळतं, म्हणून वेळ जेवणाची धरून जावं. पंगतीत मांडी घालून बसणं जमेल का, ते आधी घरी बघावं. गुडघे धरतात ते बसताना नाही, उठताना. वाढणाऱ्या एका आजोबांनी काकांकडे बघून न विचारता पाट आणून दिला.

परत आल्यावर झोप. साडेपाचला थिबा पॉइंट. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच वारला. त्याचा लाल राजवाडा जवळच आहे. तिथे जिने आहेत, म्हणून तो वगळला. पॉइंटवरून खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल, होड्या परत येताना. बाकावर बसून सगळं दिसतं. मलम या वेळी आठवणीने.

रत्नदुर्ग आणि जयगड हे किल्ले, ‘प्राचीन कोकण’ संग्रहालय, टिळकांचं जन्मस्थान यांतलं काहीही पाहिलं नाही. टिळक आळीतलं घर लहान आणि सोपं आहे, ते बसलं असतं. पण त्या दिवसाचं काम झालेलं होतं.

सहावा दिवस : परत

परतीला मांडवीच, दुपारची. कप्पा पुन्हा चौघांचा. सकाळची नाडी ७०. वहिनींनी मेतकुटाची पुडी आणि जुन्या तांदळाची किलोभर पिशवी बांधून दिली होती, ती वरच्या बर्थवर. ओआरएसची दोन पाकिटं उरली. गोळी एकही लागली नाही.

घरी आल्यावर दोन दिवस पूर्ण रजा आधीच टाकलेली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून रविवारी रात्री परतणारे लोक नेमके बुधवारी आडवे पडतात.

खेडच्या अलीकडे कटलेटवाला आला. काकांनी एक मागवलं, अर्धं खाल्लं, अर्धं समोर सरकवलं. ठाण्याला सरकता जिना बंद होता. काका साध्या जिन्याने चढले, मधल्या टप्प्यावर एकदा थांबून. वर आल्यावर स्वतःच मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले.

“शंभराच्या आत आहे,” म्हणाले. “रिक्षा बघा.”